तू ‘पेय’ लिहिलेलं पाणी

राजापेठ, अमरावती
१२ एप्रिल १९६४

प्रिय श्रावण,

जयभीम. तुझी आई बरी आहे. मी बरा नाही, पण माझं दुखणं डॉक्टरकडे नेण्यासारखं नाही, म्हणून तुझ्याकडे अकोल्याला पाठवतो आहे. हे पत्र सुनेला वाचायला देऊ नकोस. आज मी तुला बोलणार आहे, आणि ते तिच्यासमोर नको.

परवा गावाहून तुझी आत्या आली. सुंदराबाई रिकाम्या हाताने कधी येत नाही. या वेळी तिने पिशवीतून वरणाचा डबा काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “खाय. तुह्या पोरानं पास केलेल्या पाण्याचं हाये.” मी घास घेतला. दाणा दाताखाली कचकन वाजला. “दोन भारे पऱ्हाट्या जाळल्या, भाऊ,” ती म्हणाली, “हे डाळ हाये का छर्रे?” मी हसायला गेलो. ती हसली नाही.

तुझ्या दाखल्याची नक्कल तिने सोबत आणली होती. आपल्या वस्तीतल्या नव्या सरकारी विहिरीचं पाणी तपासलं, ते ‘पेय’ आहे, आणि खाली तुझी सही. मी चौथी शिकलेला माणूस, मला हा शब्द येईना. शेजारच्या मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, पेय म्हणजे पिण्यास योग्य, पिण्यालायक. आपल्या पूर्णेच्या खारपट्ट्यात या एवढ्याशा गोष्टीला बायकांजवळ किती शब्द आहेत, ते तू पाळण्यात ऐकलेस. गोडं पाणी. तोंडचं पाणी, म्हणजे रोजचं प्यायचं. डाळीचं पाणी, म्हणजे ज्यात डाळ शिजते ते. मचूळ, म्हणजे पाहुण्याला देऊ नये, पण घरच्याने तहानेला प्यावं असं. आणि शेवटी वापराचं, म्हणजे धुण्याला अन् ढोरांना. तुझी आजी गडव्यातलं पाणी जिभेला लावून एका दमात सांगायची, “हे वापराचं हाये, माय.” तिला बाटली लागत नव्हती, बी.एस्सी. लागत नव्हतं.

तू नमुना घ्यायला भादव्यात आलास. भादव्यात आपल्याकडची कोणतीही विहीर गोडी लागते. पावसाचं पाणी वर राहतं, खारं खाली बसतं, आणि चैत्रात वरचं उपसून गेलं की खालचं तोंड वर काढतं. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तू तर तिथलाच. बादलीला दगड बांधून तळचं पाणी काढायला किती वेळ लागला असता? एक बिडी ओढायला लागतो तेवढा. पण तू वरच्या वर बाटली भरलीस आणि निघालास. तुला घाई होती. उत्तमराव पाटलाच्या ओसरीवर तुझ्यासाठी खुर्ची मांडली होती.

त्या खुर्चीचं मला कळतं, बाबू. त्या ओसरीखाली उन्हात उभं राहून मी मजुरी मागितली आहे. माझा मुलगा तिथे साहेब म्हणून बसला, कपबशीत चहा प्याला, हे ऐकलं तेव्हा मी इथे पेढे वाटले. खोटं कशाला सांगू? पण तो चहा कोणत्या पाण्याचा होता, हे तुझ्या मनात तरी आलं का? गावातल्या गोड्या विहिरीचा होता तो. पाटलाने तिचं कपभर पाणी तुला पाजलं, आणि अख्ख्या वस्तीला त्या विहिरीवरून उठवायचा कागद तुझ्याकडून नेला.

कारण दाखला हातात पडताच ग्रामपंचायतीने ठराव केला, की वस्तीला पेय पाण्याची स्वतंत्र सोय झालेली असल्याने तिथल्या लोकांनी गोड्या विहिरीवर गर्दी करू नये. कोणी शिवी दिली नाही, कोणी काठी उगारली नाही. नुसती तुझी सही दाखवतात. “तुमचाच पोरगा सायेब हाये, त्यानंच लिहून देल्लं. मंग आमच्या विहिरीवर काहून येता?” असं पाटील हसत हसत म्हणतो. छप्पन्नच्या आधी आपल्या बाया त्या विहिरीच्या पायथ्याशी घागर घेऊन बसायच्या, वरून कोणी ओतेल म्हणून. दीक्षा घेऊन आल्यावर तिथे पहिली बादली सोडली ती तुझ्या आत्याने. मी मागे उभा होतो. दोर तिनेच ओढला, मी पुढे झालो नाही. सात वर्षं तिने तिथून पाणी भरलं. आता या वयात डाळीपुरतं पाणी आणायला ती दीड कोस चालते, आणि प्यायला तुझं ‘पेय’. वस्तीतली निम्मी लेकरं हगवणीने वाळून गेली आहेत. पाटलाला काठीने जे जमलं नसतं ते तू टाकाने केलंस.

इथवर तुझं झालं. आता माझं ऐक, हे मी तुझ्या आईलाही परवापर्यंत सांगितलं नव्हतं. ती विहीर खणायचं कंत्राट माझं होतं, एवढं तुला माहीत आहे. अडतीस हातांवर झरा फुटला तेव्हा मी स्वतः आत उतरून ओंजळ तोंडाला लावली, आणि थुंकलो. माझ्यासोबत आत डोमाजी होता, माझा जुना गडी. तो म्हणाला, “देवमन, हे तं निरं मीठ हाये. सांगून दे सायबाले.” मी म्हणालो, आपण खणणारे, तपासणारे वेगळे. मनात म्हटलं, तपासायला आपला श्रावणच येईल, तो पकडेल, म्हणजे आपल्याला तोंड उघडायला नको आणि पुढचं कामही जायला नको. फत्तर फोडून फोडून मी ठेकेदार झालो होतो. आपल्या वस्तीची विहीर आपल्या माणसाने बांधली, म्हणून कठड्याच्या दगडात नाव कोरून घेतलं. त्या नावाचं मला तुझ्या खुर्चीएवढंच सुख झालं होतं.

म्हणून हे पत्र. येत्या शनिवारी, अठरा तारखेला, मी पंचायत समितीत अर्ज देतो आहे. नमुना वरच्या पाण्याचा घेतला, दाखला चुकीचा आहे आणि तो देणारा माझा मुलगा आहे, असं त्यात लिहिलं आहे. त्याच्या आधीच्या ओळीत लिहिलं आहे की विहीर मी खणली, पाणी खारं आहे हे मला पहिल्या दिवशी कळलं आणि मी गप्प राहिलो. माझं नाव ठेकेदारांच्या यादीतून जाईल. तुझी बढती अडेल, नोकरीवरही येईल कदाचित. तुझी आई परवापासून माझ्याशी बोललेली नाही. पण हे तुला हापिसातल्या शिपायाकडून कळू नये, बापाकडून कळावं. शुक्रवारी मी गावी असेन. बाटली घेऊन आलास तर दोर मी धरीन, तळाला लागेपर्यंत सोडीन. तू आला नाहीस तरी अर्ज जाईल. माझ्या सहीखाली एका सहीपुरती जागा मोकळी ठेवली आहे.

तुझ्यावर चिडलेला, तरी तुझाच
बा