औषध मी घेतच नाही!

३ फेब्रुवारी
दारू किती पिता म्हणे! मला! नवऱ्यासमोर! कपाळावरचं एवढं मोठं कुंकू दिसलं नाही त्या डॉक्टरणीला? इंग्रजी समजवायला लेक अंतरा बसली होती. म्हणे, आई, सगळ्यांनाच विचारतात. सगळ्यांना विचारा, मला नको. आमचे जगन्नाथराव मान खाली घालून हसत होते. गाडीत बसल्यावर दाखवला इंगा.
लिव्हर सुजलंय म्हणे. औषधं कुठली घेता? एकही नाही, सांगितलं. खोटं कशाला बोलू? गुळवेलीचा काढा, अश्वगंधा, हळदीची गोळी, वजनाची ग्रीन टीची गोळी. झाडपाला तो. गुडघ्याची गोळी तर दुकानात दुधाशेजारी मिळते, तिला औषध कोण म्हणेल?

५ फेब्रुवारी
अंगाला खाज. जेवण नको वाटतं. अमेरिकेतल्या ह्या नेपरव्हिलच्या थंडीत हीटर लावून लावून कातडं वाळलं, दुसरं काही नाही. खोबरेल चोपडलं. काढा दुप्पट केला. सुजलेल्या लिव्हरला ताकद नको?

९ फेब्रुवारी
डोळे पिवळे. अंतरा किंचाळली. म्हटलं, हळद खातेय तर पिवळे होणार, का निळे होणार? मॉम, दॅट्स नॉट हाउ इट वर्क्स, म्हणाली. इंग्रजी सुरू झालं की समजायचं, पोरगी रडकुंडीला आलीय.

१० फेब्रुवारी, सकाळ
रक्त द्यायला उपाशी या म्हणाले. कडक पाळलं. फक्त काढा घेतला. काढा चतुर्थीला चालतो, लॅबला न चालायला काय झालं?

१२ फेब्रुवारी
रिपोर्ट आणखी बिघडला. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळी औषधं ताबडतोब बंद करा. घेतच नाही तर बंद काय करू, कपाळ?
महाराष्ट्र मंडळातल्या सुनेत्राकाकूंनी चूर्ण आणून दिलं. लिव्हर धुऊन काढतं. त्यांच्या जावेचं धुतलंय. आजपासून सुरू. आठवड्यात ठणठणीत होऊन दाखवते.

१६ फेब्रुवारी, हॉस्पिटल
ओट्यापाशीच पडले. अंतराने माझं कपाट पिशवीत भरून आणलं आणि डॉक्टरणीसमोर पलंगावर ओतलं. बाटल्या, पुड्या, चूर्ण, सगळं. घरची अब्रू अशी पसरतात का? डॉक्टरणीनं एकेक बाटली फिरवून वाचली. मग विचारलं, हे रोज? म्हटलं, रोज नाही घेतलं तर गुण कसा येणार?
ह्यानंही लिव्हर जातं म्हणे. अजून बिघडलं तर दुसऱ्याचं बसवावं लागेल. जगन्नाथराव लगेच उभे राहिले, माझं घ्या. आता हसत नव्हते. मी म्हटलं, बसा खाली. शनिवारी बेसमेंटमध्ये त्या तुमच्या दोस्ताबरोबर, रवींद्रबरोबर, काय पिता ते मला ठाऊक नाही होय? तसलं लिव्हर मला नको.
मग तोंड भिंतीकडे केलं. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

१७ फेब्रुवारी
डॉक्टरणीला विचारलं, ह्या बाटल्यांपैकी नेमकं कुणी केलं हे? सांगता येत नाही म्हणे, सगळंच सोडा, कायमचं. वा! चोर एक आणि कोठडीत सगळी आळी?
अंतराला बजावलंय, नीट इंग्रजीत सांग त्यांना. शुक्रवारपर्यंत चोराचं नाव कळलं पाहिजे. बाकीच्या बाटल्या मी सोडणार नाही.
आणि मी घरी जाणार की नाही, तेही शुक्रवारपर्यंतच सांगा. ह्या दोघांना विचारलं की खिडकीबाहेरचा बर्फ बघतात.