मण्यार खाकरत नाही

४ जुलै २००३, शुक्रवार
दत्तू, तुझ्या आजीचं नाव काय, आठवतं का? इंदुबाई. ‘आजी’ हे नाव नसतं बाबा. लग्नाचा वाढदिवस विसरलास, अमेरिकेला निघताना पोराचा पापा घ्यायला विसरलास, म्हणून आता रोजचं रोज सांगते आणि तुझी बायको लिहिते. मला अक्षर येत नाही, अपेक्षाला माझं तोंड थांबवता येत नाही. दोघींचं झकास जमतं.
वाशीमहून काल पोचले. घर छान आहे. कोथरूडच्या टेकडीला पाठ टेकून बसलंय, भिंतींना अजून रंगाचा वास. माझ्यासाठी पलंग आणलाय, वर मच्छरदाणी. नवरीसारखी निजले. अपेक्षा आणि साई शेजारच्या खोलीत खाली गादीवर. आठ महिन्यांचं पोर पलंगावरून पडेल म्हणे.

६ जुलै, रविवार
शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर साप निघाला. सगळी सोसायटी गोळा झाली. नागच सर्वांत वाईट, असं एकमत झालं. ही म्हणे इंजिनियर माणसं! मग मी पायरीवर बसून शिकवणी घेतली. नाग म्हणजे सासरा, आधी खाकरतो, फणा काढून दरडावतो. घोणस सासू, कुकरसारखी फुसफुसते, पण चावली की अंग सुजवते, रक्त नासवते. फुरसं धाकटी नणंद. वीतभर जीव, सदा करकर, आणि हिरड्यांतून रक्त काढतं. मण्यार मात्र पाहुणी. आवाज नाही, सूज नाही. उबेला येते, शेजारी निजते. चावली तर डास वाटतो. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या पडतात, मग जीभ, मग श्वास.
सगळे हसले. अपेक्षा हसली नाही. तिला तिची सासू आठवली असेल.

९ जुलै, बुधवार
घरात उंदीर होते, ते दोन दिवस खुडबुडत नाहीत. अपेक्षा खूश. मी नाही.
आज झाडताना तुझ्या कॉम्प्युटरच्या बॅटरीमागे कात सापडली. ती पेटी कायम कोमट असते. कातीवरून बोट फिरवलं. पाठीच्या कण्यावर मोठ्या खवल्यांची सलग ओळ, सहाकोनी, मोहोळाच्या घरांसारखी. मला अक्षर येत नाही, कात येते.
सेक्रेटरी बद्रीनाथांनी चष्मा लावून ती धामण ठरवली आणि फलकावर सूचना लावली, की साप दिसल्यास कार्यालयीन वेळेत कळवावे. अपेक्षानं वाचून दाखवली. सापाला कोण वाचून दाखवणार, ते विचारायचं राहिलं.
संध्याकाळी सर्पमित्र आला. पेटी सरकवली, कपाटं सरकवली. कात मण्यारीचीच म्हणाला. मण्यार नाही सापडली. कुणीही खाली झोपू नका, एवढं सांगून गेला.

१० जुलै, गुरुवार
अपेक्षाचं माहेर सदाशिव पेठेत, पण घराला कुलूप. मंडळी रविवारी परततील. शेजारी जावं तर सगळ्या घरांची भिंत एकच. पाहुणी तिथेही जाईल. पलंगही एकच. तो मी आईलेकराला दिला. अपेक्षा ऐकेना. मी म्हटलं, नातसुनेनं आजेसासूशी वाद घालायचा असेल तर तो लिहून ठेवायचा, मला वाचता येत नाही. मी दारात खुर्ची टाकून बसणार, काठी घेऊन.
आज माझी नणंद आठवली, सुंदराबाई. तिला मण्यारच चावली होती. डाग दिसेना, म्हणून सगळे पित्त म्हणाले. कुणी कडुलिंबाचा पाला चघळायला दिला, कडू लागतो का बघायला; विष चढलं की लागत नाही म्हणे. तोवर जीभ गेली. तिला सांगताच येईना. डोळे मिटलेले, पण ऐकत होती ती. लोक बाहेर सरपणाचं बोलत होते आणि तिनं माझं बोट दाबलं.
हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

११ जुलै, शुक्रवार
दुपारी साईच्या दुपट्यांच्या घडीत — काळं, चकाकतं. पांढरे पट्टे. काठी उचलेतो नाहीसं.
सर्पमित्राला फोन केला, उद्या येतो म्हणाला.
मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचली. साई आत, आई आत. मी दारात. ये म्हणावं. एकाहत्तर पावसाळे पचवलेत, तुला बघते.

१२ जुलै, शनिवार, सकाळी सहा
पाय आखडले, म्हणून पहाटे सतरंजीवर टेकले. जराशीच —
पोटात दुखतंय. पित्त नाही. घोट्याला डासासारखं काहीतरी — डाग शोधू नकोस.
साई रडतोय. चांगला भोकाड पसरून. मच्छरदाणी खोचलेलीच आहे. मग जिंकले मी.
अपेक्षा, हुंदके नंतर. रिक्षा येईस्तोवर लिही. मण्यार. पाचच्या सुमाराला. पापण्या आता — कात या पानात ठेव. डॉक्टर पित्त म्हणाले तर पान पुढे कर. सुंदराबाईकडे पान नव्हतं.
डोळे मिटले तरी मी ऐकत असेन. सरपणाचं बोलायचं नाही. बोट दाबेन.
जीभ जड —
दवाखान्यात डबा — मऊ खिचडी पाठवायची नाही. ज्वारीची भाकरी. कडक. ठेचा, हिरवा. त्यावर तेल, कच्चं, आणि —