शेजारच्या सीटवर हार्म

शनिवार, १२ जुलै १९८६

निघालो एकदाचे! सव्वासहाला. हार्म सवयीने डाव्या, चालकाच्या दाराशी गेला, हँडलवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. मग गाडीला वळसा घालून उजवीकडे येऊन बसला. मी आरसा नीट करत राहिले. आधीच नीट होता.

सासूबाई फाटकाशी. "यंदा घरी बसला असतात तर आभाळ कोसळलं असतं का, फ्रौके? नवरा आजारी, आणि तू निघालीस इटलीला!"

अकरा वर्षं जातोय, यंदाही जाणार. हार्मला फेब्रुवारीत फीट आली. ट्रक उभा होता म्हणून वाचला. एप्रिलमध्ये परत एकदा, घरी, मुलं शाळेत असताना. डॉक्टर म्हणाले, ट्रक कायमचा बंद. मोटार, शेवटच्या फीटपासून वर्षभराने बघू. बरं. म्हणून चौघांनी झ्वोलेत पडदे ओढून बसायचं? मोटार मला येते. मागे कॅराव्हॅन, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, लावून कधी चालवली नव्हती, तर गुरांच्या बाजाराच्या मैदानात तीन रविवार चालवली. एक कचऱ्याचा डबा गेला. बाकी सगळं शाबूत.

संध्याकाळी मोझेल नदीकाठचा कॅम्प. इथवर छान! पण जागा दोन झाडांच्या मधली, म्हणजे रिव्हर्स. मी उजवीकडे वळवावं तर कॅराव्हॅन डावीकडे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. सहाव्या खेपेला रांगेतल्या सगळ्या कॅराव्हॅनमधली माणसं खुर्च्या घेऊन बाहेर. एकाने तर कॉफीसुद्धा आणली बरोबर! आपलीच डच माणसं, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नाही. "बाई, उलटं फिरवा!" "अहो, उलटं नाही, सुलटं!"

हार्म कुठे? शेजारी बसून नकाशा वाचत होता. एकोणीस वर्षं अठरा चाकं मागे घेणारा माणूस. नकाशा वाचत होता!

शेवटी चार जणांनी कॅराव्हॅन सोडवून हातांनी ढकलली. मी आभार मानले. मग नळावर जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ.

रविवार, १३ जुलै

लिस्बेत म्हणते, परत जाऊ या. चौदाव्या वर्षी आईबाप असण्याचीच लाज वाटते, त्यात असे. नाही जाणार.

सोमवार, १४ जुलै

मोठ्या रस्त्यावर शेजारून ट्रक पुढे गेला की कॅराव्हॅन हलते. हार्मचा उजवा पाय सारखा ब्रेक दाबतोय. त्याच्या बाजूला ब्रेकच नाही, तरी पायाखालची चटई घासून गुळगुळीत!

"सोड, सोड! ब्रेक नको! अगं हळू! आता का हळू?"

वुर्झबुर्गच्या अलीकडे मी गाडी विश्रांतीच्या जागी लावली. चावी काढली. म्हटलं, "हार्म, एक तर शिकव, नाहीतर गप्प बस. दोन्ही जमत नसेल तर मागे जाऊन बस."

गेला मागे. योरिसच्या शेजारी, गुडघे हनुवटीला. आठ वर्षांच्या पोराने विचारलं, "बाबा, तुला शिक्षा झाली का?"

लिस्बेत पुढे येऊन बसली, नकाशा मांडीवर घेतला. ओठ दाबून धरले होते, पण हसू फुटत होतं. दीडशे किलोमीटर कुणी बोललं नाही. दीडशे किलोमीटर कुणी माझ्या वतीने ब्रेकही दाबला नाही. सुंदर चालवली मी.

मंगळवार, १५ जुलै

उल्मजवळ, डॅन्यूबकाठी. दिवसभर पाऊस. पत्ते, भिजलेले मोजे, पावावर चॉकलेटचा चुरा. हार्म माझ्याशी बोलत नाही. मीही नाही.

बुधवार, १६ जुलै

लिहिलंच पाहिजे.

दुपारी भांडी घासायच्या ओट्यापाशी. हार्म विसळत होता, मुलं पुसत होती, मी टोपलं आणायला वळले. काचेचा आवाज. वळून पाहते तर तो खाली. सगळं अंग ताठ, मग झटके. मुलांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यासमोर नको, एवढं एकच मागणं होतं त्याचं!

मी त्याच्या डोक्याखाली टॉवेल सरकवला, काचा पायाने लोटल्या, घड्याळ पाहिलं. झटके थांबल्यावर कुशीवर वळवलं. तीन मिनिटांपेक्षा थोडं कमी.

माणसं जमली. एक बाई म्हणाली, "दिवसाढवळ्या पितात!" तेवढी जर्मन आम्हाला सगळ्यांना कळते. आणि आमची लिस्बेत, जिला कालपर्यंत आमच्याबरोबर चालायची लाज, ती मधे उभी राहिली, हातात ओलं फडकं. "माझे बाबा आजारी आहेत. प्यायलेले नाहीत. तुम्ही बाजूला व्हा!" जर्मन व्याकरणाचं वाटोळं, पण सगळे बाजूला झाले.

कॅम्पवाल्यांनी गावातला डॉक्टर आणला. त्याने तपासलं, गोळी वाढवून दिली, दोन दिवस गाडीने फार हिंडू नका म्हणाला. म्हणजे मोटारीसाठी थांबायचं ते वर्ष आता आजपासून पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी हार्म कॅराव्हॅनमध्ये भिंतीकडे तोंड करून. "मला आगगाडीत बसवून दे. आई येईल उतरवून घ्यायला. तुम्ही तिघं पुढे जा."

"नाही."

"योरिस घाबरला."

"घाबरला. मग विचारलं, बाबांना दुखलं का. आता बाहेर बसून शेजारच्या पोरांना सांगतोय की माझ्या बाबांच्या डोक्यात वीज चमकते. पोरं जळतायत त्याच्यावर."

त्याचे खांदे हलले. हसला की रडला, कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मग भिंतीकडेच बघत म्हणाला, "एक सप्टेंबरला माझा ट्रक दुसऱ्याला देणार. डाइकमनसाहेबांचं पत्र आलंय. जूनमध्ये." जूनमध्ये! मालकाचं असं पत्र दीड महिना एकट्याने खिशात घेऊन फिरला!

गुरुवार, १७ जुलै

डॉक्टरांचं ऐकून इथेच थांबलोय. पाऊस थांबला. नाश्त्यानंतर हार्म म्हणाला, "चावी घे."

कॅम्पच्या मागे रिकामं कुरण आहे. मला गाडीत बसवलं, स्वतः खिडकीशी उभा. "आता विचार करायचा नाही. स्टिअरिंग वरून धरू नकोस, खालून धर. हां. आता मागचं डावीकडे जायला हवं, तर हात डावीकडे. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि हे तू मला मोझेलवर सांगितलं नाहीस?"

खिडकीची कड पुसत म्हणाला, "तुला जमलं असतं तर मग माझं काय काम, असं वाटलं."

असं तोंडावर बोलणारा हा माणूस नाही. मी पुढे बघत म्हटलं, "पुन्हा दाखव." दुपारपर्यंत मागे-पुढे, मागे-पुढे. योरिसने दोन बादल्या उभ्या केल्या, त्यांच्यामधून नेली. बादल्या उभ्याच! हार्मने जाणकार पंचासारखी मान हलवली. जेवताना तो खूप जेवला.

शुक्रवार, १८ जुलै

आणखी एक दिवस सराव. उतारावरचं तोंडी शिकवलं: ज्या गिअरने चढशील त्याच गिअरने उतर. इंजिनाला धरू दे, ब्रेक राखून ठेव.

शनिवार, १९ जुलै

ऑस्ट्रिया. घाटात दरड कोसळलेली, म्हणून पोलिसांनी सगळ्यांना जुन्या रस्त्याने वळवलं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला ओढा, मधे जेमतेम दीड गाडीची वाट. आणि वळणावर समोरून बस! भरलेली. तिच्यामागे आणखी गाड्या, तिला हटता येणार नाही. आमच्यामागे सुदैवाने कुणी नव्हतं, पण रुंद जागा साठ-सत्तर मीटर मागे.

बसचा ड्रायव्हर उतरला. मला बघून हार्मच्या खिडकीशी गेला. "चला हो, बसा स्टिअरिंगवर. बायकोला उतरवा, आम्हाला जेवायच्या आत पोचायचंय."

हार्मकडे बघवेना. त्याला किती सोपं होतं! दोन मिनिटांचं काम. बसला असता तर इथे कोण अडवणार होतं त्याला? त्याचा हात दाराच्या कडीवर गेला.

तो उतरला. ड्रायव्हरला म्हणाला, "मला येत नाही. आमच्यात तीच चालवते."

आणि मागे चालत गेला. मला आरशात दिसेल असा ओढ्याच्या बाजूला उभा राहिला, एक हात वर. मी स्टिअरिंग खालून धरलं. तो हात हलवेल तशी गेले. एकदा त्याने मूठ दाखवली, थांबले, पुढे घेतली, सरळ केली, परत मागे. ओढ्याचं पाणी माझ्या चाकाखालून वाहतंय असं वाटत होतं. लिस्बेत मागच्या खिडकीतून डोकं काढून "आई, अजून जागा आहे, अजून आहे" म्हणत होती. बसमधली माणसं खिडक्यांना चिकटलेली. बघा म्हटलं, तिकीट नाही!

बस गेली. ड्रायव्हरने जाताना टोपीला हात लावला. मला.

हार्म येऊन बसला. पँट गुडघ्यापर्यंत ओली. "शेवटचं थोडं घाईने घेतलंस," म्हणाला. मग बराच वेळ माझ्या मानेवर हात ठेवून बसला. घाट उतरेपर्यंत.

रविवार, २० जुलै

इटली, गार्डा तळं! ब्रेनरचा घाट ओलांडला. तिसऱ्या गिअरने चढले, तिसऱ्या गिअरने उतरले. ब्रेकचा वास नाही. तळ्यावर वारा आहे, योरिस पाण्याबाहेर यायला तयार नाही. हार्मला पोहायची मनाई, तो काठावर पाय सोडून बसलाय. मी झोपले. भर दुपारी चार तास!

सोमवार, २१ जुलै

सकाळी कॅम्पच्या कचेरीतून डाइकमनसाहेबांना फोन केला. हार्मच्या ट्रकवर दुसरा माणूस घेऊ नका, म्हटलं. जड वाहनाच्या परवान्याच्या परीक्षेला मी बसते, परतल्या परतल्या शिकवणी लावते. ते हसले. मी थांबले. त्यांचं हसू संपल्यावर विचारलं, कधीपर्यंत परवाना हवा? पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज. मग म्हणाले, "नोव्हेंबरअखेर. एक दिवस जास्त नाही." मी ठीक म्हटलं आणि फोन ठेवला.

हार्म मुलांबरोबर काठावर पत्ते खेळतोय. त्याला अजून सांगितलेलं नाही. हा डाव संपला की सांगते.