चंपतचा ढोल पळतो

३ फेब्रुवारी, सोमवार

चंपतच्या पोरीचं लग्न! आणि हे मला सांगतं कोण, तर माझीच पोरगी. चंपतच्या मयूरीने हळदीच्या डीजेचं काम आमच्या दामिनीला दिलंय. वीस तारखेला, गुडीहत्नूरला, चंपतच्याच दारात. "बाबा, मैत्रीण हाय माही. नाई कशी म्हणू?"

नाही म्हणायला काय जीभ झडते?

दिवसभर दुकानात टमाटे निवडत होतो आणि डोक्यात तोच. नऊ वर्षं तोंड पाहिलं नाही त्याचं. बसने अर्धा तासही लागत नाही, तरी पाहिलं नाही.

४ फेब्रुवारी

दामिनीसोबत डीजेच्या यंत्रापाशी उभी राहायची ती प्रतिभा नागपूरला गेली नर्सिंगला. आता दुसरं माणूस नाही. मी म्हटलं, मी येतो, शिकव मला.

माझी बायको शकुबाई पोळ्या लाटता लाटता हसली. "छप्पन वर्साचा डीजे! काऊन, टमाटे कमी पडले का?" हसू दे. तेवीस वर्षं बँड चालवला मी. क्लॅरोनेट माझं, ढोल चंपतचा, मागे अकरा माणसं, आणि इचोड्यात आमच्याशिवाय नवरदेव घोड्यावर बसत नव्हता.

खरं कारण इथेच लिहितो, घरात सांगणार नाही. डीजे म्हणजे ढोलवाल्यावाचून ठोका. चंपतच्या दारात उभं राहून, ढोलवाल्यावाचून, ठोका तसूभर हलू न देता दोन तास वाजवून दाखवायचं. त्याने बघायचं. बस्स. बाकी त्या यंत्रावर माझं काडीचं प्रेम नाही.

६ फेब्रुवारी

पहिला धडा. यंत्र म्हणजे पोळपाटाएवढी फळी, त्यावर दोन चकत्या. डाव्या चकतीवरचं गाणं लोकांना ऐकू जातं. उजवीकडचं फक्त आपल्या एका कानात. दोघांच्या ठोक्यांची चाल सारखी करायची, एक-दोन-तीन-चार मोजायचं, आणि पुढच्या "एक"वर उजवं सोडायचं. लोकांना कळायला नको, गाणं कुठे बदललं.

एवढंच? हे तर आम्ही चालता चालता करत होतो, चिखलात, तोंडात पिपाणी धरून.

वीस वेळा सोडलं. वीसही वेळा दोन ठोके एकमेकांवर आपटले. "बाबा, तुमी उशिरा सोडून राह्यले," दामिनी म्हणाली. मी म्हटलं, यंत्र उशिरा घेतं.

७ फेब्रुवारी

सिंक नावाचं एक बटण आहे. दाबलं की दोन्ही गाणी आपोआप जुळतात. त्याला हात लावणार नाही! कानाने जुळवीन नाहीतर नाही.

९ फेब्रुवारी

आज परत उशीर. बोटं जाड झाली आहेत. शकुबाई म्हणते, "नाचता येईना, आंगन वाकडं."

११ फेब्रुवारी

आज यंत्राला चूक दाखवली! तेलुगू वरातीचं गाणं होतं, तीन-तीनच्या चालीचं. यंत्राने वेगाचा आकडा दाखवला तो भलताच. मी म्हटलं, पोरी, हे खोटं बोलतंय, पाय वेगळे पडतात याला. दामिनीने हाताने ठोकून मोजलं. "हाव बाबा, तुमचंच बरोबर."

आणखी एक शिकवलं तिने. नवं गाणं आत घेताना जुन्याचा खर्ज आधी काढून घ्यायचा, नाहीतर दोन खर्ज भांडतात. मग जुनं हळूहळू विरून जातं. छान आहे ते. कबूल करतो.

बँडमध्ये भांडणाऱ्याला असं विरवता येत नव्हतं. चंपतचा ढोल पळायचा. पहिलं कडवं नीट, दुसऱ्यापासून पुढेच. मी वाजवता वाजवता डोळे वटारायचो, मधेच तोंडातलं काढून ओरडायचो. वर्षानुवर्षं. शेवटी नऊ वर्षांपूर्वी एका वरातीत, गुडीहत्नूरच्या भर रस्त्यावर, मी त्याच्या हातातून टिपरू काढून घेतलं आणि ताशेवाल्याच्या हाती दिलं. लोक बघत होते. त्याचे सोयरेही. चंपतने पट्टा गळ्यातून काढला, ढोल रस्त्यावर ठेवला आणि चालत घरी गेला. त्यानंतर त्याने कुठेच वाजवलं नाही म्हणतात.

दोन वर्षांत बँड बंद पडला. लोक म्हणतात, डीजे आले म्हणून. मी म्हणतो, ढोल बिघडला म्हणून.

१४ फेब्रुवारी

मयूरीने एक कॅसेट पाठवली. नव्व्याण्णव सालची, इचोड्याच्या एका लग्नातली, आमच्या बँडची! चंपतने इतकी वर्षं ठेवली होती म्हणे, कापडात गुंडाळून. पोरीची इच्छा अशी, की हळदीत बापाचा ढोल वाजावा, खाली नवा ठोका लावून. बापाला माहीत नाही. दामिनीने ती पेनड्राइव्हवर उतरवून आणली.

"बाबा, हे जुळवणं तुमीच करा. तुमचंच गाणं हाय."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वाईट माणूस आहे मी, माहीत आहे. पण इतकी वर्षं मी जे ओरडत होतो ते आता यंत्र सांगेल. हातच्या कांकणाला आरसा कशाला! खाली एकाच चालीचा ठोका लावायचा, आणि चंपतचा ढोल कुठे कुठे पळतो ते सगळ्यांना दिसेल. दामिनीला म्हटलंही तसं.

१६ फेब्रुवारी

दुकान लवकर बंद करून ऐकत बसलो. क्लॅरोनेट काय लावलं होतं मी! आणि दुसरं कडवं संपता संपता माझाच आवाज: "चंपत, पळू नको!" तरणा आवाज. शकुबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तवाबी हेच?"

हेच. खोटं बोलत होतो का मी?

१८ फेब्रुवारी

दामिनीने कॅसेटवर टिकटिक लावून दिली, घड्याळासारखी, पूर्ण गाणंभर एकाच चालीची. पडद्यावर ठोक्यांचे उंचवटे दिसतात. मी ढोल शोधत होतो टिकटिकीच्या पुढे. सापडेना.

म्हटलं, जुनी कॅसेट आहे, फीत ओढली गेली असेल.

"ओढली त दोघंबी संगच ओढल्या जातीन ना, बाबा. ढोल अन् तुमचं क्लॅरोनेट एकाच फितीवर हाय."

मी तिच्यावर ओरडलो. गेल्या आठवड्यातच यंत्राने आकडा चुकवला होता, याची आठवण दिली. ती उठून गेली. दारात म्हणाली, "त मंग यंत्र पाहू नका. कानानं पाहा."

शकुबाईने संध्याकाळी ताट वाढलं, वर ऐकवलं, "सुंभ जळलं, पीळ नाई गेला." जेवलो नाही.

१९ फेब्रुवारी

कॅसेटला हात लावला नाही. बाकीची गाणी जुळवत बसलो. तिसाव्यांदा उशीर. दामिनी हळूच म्हणाली, "एक यायच्या आधी सोडा. तुमी ऐकून सोडता, म्हून मागं पडता."

२० फेब्रुवारी

आज हळद. चार वाजता निघायचं.

पहाटे उठून, पडद्यावर टॉवेल टाकून, नुसत्या कानाने ऐकलं. चार वेळा. दुसरं कडवं संपेपर्यंत ढोल टिकटिकीवरून एकदाही सुटत नाही. सुटतं ते क्लॅरोनेट. पहिल्या कडव्यात बरोबर, दुसऱ्यात सूर लांबवायला लागतो मी, मला गोड वाटतो म्हणून, आणि मागे, आणखी मागे.

चंपतने ही कॅसेट ऐकली असणार. पंचवीस वर्षं त्याच्याजवळ होती. मला कधी बोलला नाही.

मी ओरडतो, "चंपत, पळू नको!" आणि त्यानंतर ढोल पहिल्यांदा टिकटिक सोडतो. हळू होतो. मला घ्यायला मागे येतो.