कानशीची जागा

सोमवार, ३ मार्च

एका सहा सुती (पाऊण इंची) बोल्टची आजची खरी किंमत: शोधण्यात गेलेले दोन तास. समोर बसवून ठेवलेल्या माणसाला पाजलेले तीन चहा. खिळ्याला अडकून फाटलेली एक बाही. 'आत्ता सापडतो' हे वाक्य, नऊ वेळा. आणि शेवटी तो माणूसच! पंप उचलून समोरच्या वर्कशॉपात गेला.

बोल्ट संध्याकाळी सापडला. साखरेच्या डब्यात.

"तिथे कोणी टाकला?" मी विचारलं.

काउंटरवरच्या बाई (बिलं, फोन आणि मला टोमणे, तिन्ही खाती त्यांच्याकडे) मान वर न करता म्हणाल्या, "साखर तुम्हीच घेता. मला चालत नाही."

यातून काय ते समजायचं, ते मी समजलो नाही.

बुधवार, ५ मार्च

एका मोठ्या कारखान्यात पंप बसवायला गेलो होतो. पंपाचं विसरलो, भिंत बघत राहिलो. भिंतीवर लांबलचक फळी, फळीवर हत्यारं टांगलेली, आणि प्रत्येक हत्यारामागे त्याचाच आकार काळ्या रंगात काढलेला. पाना उचलला की मागे काळा पाना दिसतो. म्हणजे संध्याकाळी एक नजर टाकायची — कोण घरी परतलं, कोण बाहेर उंडारतंय, लगेच कळतं!

तिथला मिस्त्री म्हणाला, "शोधायला वेळ जात नाही हो आता. भांडायला विषय उरला नाही."

परत येताना प्लायवूड घेऊनच आलो.

शुक्रवार, ७ मार्च

दोन दिवस वर्कशॉप अर्धं बंद. तीन पोती भंगार काढलं. त्यात बिनकाट्यांची दोन घड्याळं, एक पंखा (माझा नाही), आणि बाईंची सहा वर्षांपूर्वी हरवलेली छत्री. छत्री बघून त्या काही बोलल्या नाहीत. नुसती उघडली, मिटली, आणि पर्सला लावून ठेवली. हे बोलण्यापेक्षा वाईट.

मग फळी. एकेक हत्यार ठेवायचं, पेन्सिल फिरवायची, रंग भरायचा. बेचाळीस हत्यारं! संध्याकाळी टांगून लांब उभा राहिलो. तीस वर्षांपूर्वी एक पाना, एक पेचकस आणि लोखंड घासायची एक कानस घेऊन फुटपाथवर बसायचो. आता बेचाळीस. छाती भरून आली — खोटं कशाला लिहू?

त्रेचाळिसावी आकृती नुसत्या आठवणीने काढली. कानशीची. मूठ, पातं, निमुळतं टोक, सगळं हुबेहूब. अकरा वर्षांत बघितली नाही, तरी हात चुकला नाही.

"आणि हे हत्यार कुठंय?" बाईंनी विचारलं.

"ज्याने नेलं त्याच्याकडे."

शनिवार, ८ मार्च

ही वही माझी, वाचणारा मीच. तर स्वच्छ लिहितो.

कानस उस्तादांनी दिलेली. त्यांच्याकडचं काम सोडून निघालो त्या दिवशी हातात ठेवली, "आता स्वतःचं घास," म्हणाले. तिच्यावर संसार उभा राहिला. मग मेव्हणा हाताखाली आला, हिचा धाकटा भाऊ. काम करताना सतत शिट्टी वाजवायचा, म्हणून आम्ही त्याला शिट्टीच म्हणतो. सात वर्षं बरोबर होता. हात चांगला, पण वस्तू जागेवर ठेवायची अक्कल शून्य. मुलीच्या लग्नाच्या धांदलीत कानस गायब. मी विचारलं, "तू नेलीस?" तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्याने हात पुसले, वर्कशॉपची किल्ली काउंटरवर ठेवली आणि गेला. तेव्हापासून या घराचा उंबरा चढला नाही. ही त्याला दुसऱ्यांच्या घरी भेटते.

माझ्या हातून वस्तू हरवत नाही. कोणीतरी नेतं, तेव्हाच जाते.

सोमवार, १० मार्च

घराकडे वळलो. स्वयंपाकघरात डाव, झारा, किसणी, सगळ्यांच्या आकृत्या काढायचं ठरवून पेन्सिल घेऊन उभा राहिलो. ही म्हणाली, "माझीही काढा एक भिंतीवर. जागेवर नसले तर कळेल तुम्हाला."

पेन्सिल खाली ठेवली.

तरी दोन खण लावून दिले. डब्यांची झाकणं एकीकडे, डबे एकीकडे. बारा झाकणं अशी निघाली की ज्यांना डबेच नाहीत! ही ती टाकू देईना. "डबे येतील," म्हणते. कुठून येतील?

संध्याकाळी दाराशी माझ्या चपलांभोवती खडूने आकृती काढलेली. चपला अर्थातच तिथे नव्हत्या. एक बैठकीत, एक मागच्या दारी. ती हसत होती. मीही हसलो. छत्तीस वर्षं झाली, अजून मला हसवते, हे मात्र तिला सांगायचं राहतं.

बेडरूमचं लोखंडी कपाट सरकवून मागचं झाडून काढा म्हणाली. ते नाही! तिथली फरशी एका बाजूला उतरलेली. मुलीच्या लग्नात कपाट आणलं तेव्हा दार सारखं उघडं पडायचं. मी एका दुपारी सारखं केलं. लेव्हल लावली नाही, मिस्त्री बोलावला नाही. नजर! इतकी वर्षं दार तसूभर हललेलं नाही. त्याला हात लावायचा नाही.

बुधवार, १२ मार्च

माझे कान तिखट. मोटर चालू केली की बेअरिंग कुठलं गेलंय ते मी खोलायच्या आधी सांगतो. त्यामुळे बंद दारामागे ही फोनवर हळू बोलत होती, तरी मला शब्द न् शब्द आला.

"कायमचाच जातोयस, तर एकदा ये. जेवून जा. ते नाही काही बोलणार. ... मी सांगते ना, नाही बोलणार."

शिट्टी पुढच्या महिन्यात सगळं आवरून त्याच्या मुलीकडे राहायला चाललाय. दूर. परत येण्यासारखं अंतर नाही, वयही नाही.

बाहेर येऊन मला म्हणाली, "रविवारी तो येतोय." बाकी काही नाही. पण नजर अशी होती, की मी मान डोलावली.

शुक्रवार, १४ मार्च

बाईंनी विचारलं, "त्या रिकाम्या जागेवर कॅलेंडर लावू का? रविवारपुरतं?"

नको म्हणालो. मी बोलणार नाही, कबूल केलंय. फळीने काही कबूल केलेलं नाही.

रविवार, १६ मार्च

आला. केस पार गेले. मी दार उघडलं तर एकदम म्हणाला, "भावोजी, चपला जागेवर?"

खडू पुसायचा राहिला होता! तिघंही हसलो, आणि पहिली दहा मिनिटं सुटली.

जेवताना हिने त्याला तीनदा वाढलं. तो "ताई, पुरे," म्हणत खात राहिला. मग स्वतःच म्हणाला, "जुनी जागा बघून येऊ?"

वर्कशॉपात फळीसमोर उभा राहिला. बघता बघता ओठ गोल झाले आणि शिट्टी सुरू. अकरा वर्षांनी तीच! मला बरं वाटलं, लिहून टाकतो. मग शिट्टी थांबली. रिकाम्या आकृतीवर बोट ठेवून म्हणाला,

"हिला मूठ कुठे होती?"

मी आकृती बघितली. मूठ होती.

"मूठ फुटली होती, भावोजी. मी नवी करायला सुताराकडे गेलो होतो. घेऊन आलो, तर तुम्ही मला विचारलंत."

"बरं," मी म्हणालो. एवढंच. दिलेला शब्द पाळला.

निघताना तो हिच्या पाया पडला. माझ्याही. हिने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "परत कधी?" म्हणाली. तो म्हणाला, "बघू."

सोमवार, १७ मार्च

काल रात्रभर झोप छान लागली. का? उलगडा झाला!

कानशीला मूठ नाही, हे त्याला कसं माहीत? माझ्या आठवणीत मूठ आहे, आणि माझी आठवण म्हणजे बेचाळीस हत्यारांची खात्री. मूठ नसलेली कानस ज्याच्या घरी पडलीय, त्यालाच ठाऊक असणार. स्वतःच्या तोंडाने सांगून गेला बिचारा.

रागही आला नाही. जाऊ दे. माणूस चाललाय.

बाईंना सांगितलं. त्या बराच वेळ बिलं लावत बसल्या. मग म्हणाल्या, "बोल्ट साखरेत सापडला होता ना?"

संबंध काय!

मंगळवार, १८ मार्च

वर्कशॉपात आज काही शोधावं लागलं नाही. चार पंप गेले. फळीवर संध्याकाळी बेचाळीस हजर.

बुधवार, १९ मार्च

हिला तो उलगडा सांगितला. सांगायला नको होता.

भांडली नाही. शांतपणे म्हणाली, "सगळ्यांच्या जागा भिंतीवर काढल्यात. उद्या ते कपाट सरकवा. मागे अकरा वर्षांची धूळ आहे. एवढं झालं की घर आवरलं म्हणेन."

ठीक आहे. जॅक आणतो. परत बसवताना पुन्हा नजरेनेच बसवीन, तिलाच समोर उभी करून.

गुरुवार, २० मार्च

कपाट उचललं. मागच्या डाव्या पायाखाली कानस होती. मूठ नव्हती.

आता सगळं आठवतं. कपाटाची कडी घासायला घरी आणली होती. वर दार लोंबतंय, मी गुडघ्यांवर, आणि हाताशी सपाट असं तेवढंच.

हिने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. पलीकडे शिट्टी वाजत होती, ती थांबली.

"सापडली," मी म्हणालो. "मीच ठेवली होती. मीच."

तो मग म्हणाला, "रविवारी मूठ घेऊन येतो. आहे अजून माझ्याकडे."

कपाटाचं दार आता आपोआप उघडतं.