चांगला दिसणारा लॉट

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मला वाटलं होतं राग निवला असेल. कशाचा निवतो! परवा सकाळी तुमचा लेक माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून तुमचंच वाक्य बोलला, अगदी तुमच्याच सुरात. "ताई, चांगलं चालून राहिलं न सगळं, मग काहून उघडून पाहायचं?" माझी पोळी तव्यावर करपली.

तुम्हाला माहीत नाही, पण तुमच्यानंतर त्यालाही तुमचाच आजार निघाला. तीच मोठ्या आतड्याची सूज, तेच आतले व्रण, तेच रक्त, तेच ताटावरून उठून पळणं. आता गोळ्यांनी तो ठणठणीत आहे. डॉक्टर मात्र माझ्यासमोर त्याला स्पष्ट म्हणाले, "हा आजार बरीच वर्षं अंगात राहिला की त्या जागी कॅन्सरची भीती वाढते, आणि तुमचे तर वडीलच त्याने गेले. म्हणून दरवर्षी दुर्बिणीने आतून पाहायचं, बारीक तुकडे काढून तपासायचे. त्रास नसतो तेव्हाच पाहायचं, सूज असली की नीट दिसत नाही. बिघडू लागलेली जागा वेळेत सापडली तर पुढचं टाळता येतं." यानं मान डोलावली, "जी, जी" केलं, आणि तारीख दोनदा पुढे ढकलली. कोणाचा लेक आहे शेवटी!

तुमची चीड येते ती यासाठी की तुम्ही अडाणी नव्हते. तुम्ही फॅक्टरीत मालाचे तपासनीस होते. खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये जेवताना तुम्ही आम्हाला सांगायचे, ते अजून कानात आहे, "बाहेरून चकाचक दिसते म्हणून मी लॉट पास करत नाही. चांगला दिसतो तोच आधी उघडून पाहायचा." कोणी कितीही घाई करो, तुम्ही नमुना तपासल्याशिवाय सही करत नव्हते, आणि आई त्याचं शेजारणींना कौतुक सांगायची. घरीसुद्धा तेच. नागपूरहून घरी येताना तिलवाऱ्याला, नर्मदेच्या घाटाजवळ, गाडी थांबवून तुम्ही टरबूज घ्यायचे, तेव्हा नुसतं वाजवून तुमचं भागत नव्हतं. "भैया, चौकोन काटके दिखाओ." तो बिचारा म्हणायचा, "बाबूजी, एकदम लाल निकलेगा." तुम्ही म्हणायचे, "तो फिर काटने में क्या डर?" आम्ही दोघं गाडीत लाजेनं मान खाली घालून बसायचो.

टरबुजाला एवढी अक्कल लावली, आणि स्वतःला? आपल्या घरात तुमच्या आजाराला नाव नव्हतं, "पोटाचं" म्हणायचे सगळे. रक्त पडलं की ती "उष्णता". आई दहीभात करायची, पाहुण्यांना सांगायची यांना तिखट चालत नाही. गोळ्या घेतल्या की तुम्हाला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात. "बऱ्या माणसानं औषध काहून खायचं?" अहो, त्या गोळ्यांनीच तर बरे होते तुम्ही! डॉक्टरांनी तुम्हालाही आतून तपासून घ्यायला सांगितलं होतं. मी सोबत होती, मी ऐकलं. बाहेर आल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथून नळी घालणार म्हणे. चल घरी." आणि वाटेत खव्याची जिलबी घेतली, दोनशे ग्रॅम, लढाई जिंकल्यासारखी. लाज वाटली तुम्हाला! मग त्या लाजेपायी आईनं तुमचं काय काय साफ केलं, शेवटच्या महिन्यांत, तेव्हा ती लाज कुठं गेली होती? तोवर कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला होता. तपासायला काही उरलंच नव्हतं.

आणि परवा हा माझ्यासमोर उभा, तोच हट्ट, तीच मान. मी समजावलं, ओरडली, त्याच्या बायकोनं हात जोडले. हा हसतो. "ताई, बाबा काय म्हणायचे, चालत्या गाडीचं बॉनेट उघडू नये." तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी गॅस बंद केला आणि त्याला म्हटलं, "बाबा जाताना काय म्हणाले ते तुला माहीत नाही. दवाखान्यात मीच होती जवळ. ते म्हणाले, माझ्यासारखं लेकरांना करू देऊ नको. चांगला दिसला तरी लॉट उघडून पाहायचा, त्याला सांग."

तो खुर्चीवर बसला. मग लहानपणी विचारायचा तसं विचारलं, "बाबा असं म्हणाले?" मी म्हटलं, "हो." त्यानं तिथूनच फोन लावून तारीख घेतली.

उद्या सकाळी तपासणी आहे. आत्ता तो माझ्याकडेच अधारतालला आहे, बाजूच्या खोलीत पोट साफ करायचं औषध पितो आहे आणि प्रत्येक ग्लासाला शिव्या घालतो आहे. "ताई, यापेक्षा चलो, नर्मदाजीत उडी मारतो." मी म्हटलं, "आधी ग्लास संपव, मग मार." उद्या काय निघेल, मला माहीत नाही. काही नसेलही. असलं तर लहान असो, काढता येण्यासारखं असो, एवढंच मागते आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्याच्या हाती तर लागूच द्यायचं नाही. कारण तुम्ही तसं काही म्हणाले नव्हते बाबा. शेवटच्या दिवशी तुम्ही डोळे उघडून मला एवढंच विचारलं होतं, "घरचा गीझर बंद केला न?" सगळ्या जगाची तपासणी करत गेले. जे तुम्ही बोलायला पाहिजे होतं, ते मी तुमच्या तोंडी घातलं. तो कधीतरी येईलच तुमच्याकडे, खूप म्हातारा होऊन, काही घाई नाही. त्यानं विचारलं तर नाही म्हणू नका.