सदर कुंपण जिवंत नाही

६ एप्रिल
फाटकाला नोटीस. चिकटवताना जास्वंदीच्या दोन फांद्या मोडल्या. नगरपंचायतीची आहे. कोपऱ्यावरच्या प्लॉटचं कुंपण चार फुटांच्या वर नको, वळणावर गाड्या दिसत नाहीत. पंधरा दिवसांची मुदत. आमची मेंदी वडिलांनी लावलेली, ती माझ्या खांद्याला लागते. समोरच्या काकूंची सहा फुटी भिंत, वर काचा, तिला काही नाही. ती मंजूर नकाशात आहे म्हणे.
आबांना वाचून दाखवली. "पुन्ना वाच." पुन्हा वाचली. "काढा म्हनलंय का कापा म्हनलंय?" कापा. "मग काप की. त्यात काय एवढं."
त्यांना काही वाटत नाही. मला जेवण गेलं नाही.

७ एप्रिल
कापली. शिकवणीची मुलं यायच्या आधी, उन्हातच. चार फुटी काठी धरून, आणि वादाला जागा नको म्हणून त्याच्याही खालीच. आई: "अगं भादरतीस का काय? मेंढरू हाय व्हय ती?"
नुसत्या काड्या दिसतायत. ह्या उन्हात एवढी खोल कापायला नको होती. पण नोटीस...
आबा संध्याकाळी कट्ट्यावर निघाले. काचबिंदूनं डोळे गेल्यापासून एका हाताने मेंदी चाचपत जातात. मेंदी संपली की जास्वंद, जास्वंद संपली की फाटक. काठी घेत नाहीत. आज पानांऐवजी काड्या लागल्या. थांबले, हात झटकला, पुन्हा ठेवला.

९ एप्रिल
ऑफिसात उत्तर द्यायला गेले. फॉर्मवर 'कुंपणाचा प्रकार': विटांचे, तारेचे, इतर. 'इतर'वर खूण केली, पुढे लिहिलं 'जिवंत कुंपण'. झाडांच्या कुंपणाला आबा हाच शब्द वापरतात, शेतीखात्याचे लोकही. शाळेच्या आधी अक्षरं आबांनीच शिकवली, मिलिटरीतून रजेवर आले की अंगणात राख पसरून, माझं बोट धरून. लिहायचं ते खरं लिहायचं, हा तेव्हाचा नियम. नुसतं 'मेंदी' लिहिलं असतं तरी खरंच होतं. आता सुचतंय.
क्लार्कने वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, जिवंत कुंपणाला बंदी आहे. तिकडं म्हैस मेली एक चिकटून."
मेंदी आहे म्हटलं. "मेंदी असू दे नाहीतर बाभळ. जिवंत लिहिलंय तुम्ही. करंट तपासल्याशिवाय कागद पुढं जात नाही."
खोडून देते म्हटलं. खोडाखोड चालत नाही.

१३ एप्रिल
खरंच वायरमन आला. रबरी हातमोजे, टेस्टर. आबा मेंदीला धरूनच उभे होते.
"आवं आबा, हात काढा आधी. करंट असंल."
"माण तालुक्यातनं आणून लावल्यापास्नं धरून हाय गड्या. अजून तरी बसला न्हाई."
तो हसला, पण टेस्टर लावलाच, एकेका झुडपाला. आई दारातून: "च्या ठिवू का रं? का त्यालाबी टेस्टर लावतोस?"
"मावशी, मला काय हौस हाय व्हय? कागद आला की यावं लागतंय."
अहवाल आमच्याच ओट्यावर बसून लिहिला. मी वाचला, मला बरोबरच वाटला. 'विद्युतप्रवाह आढळला नाही. सदर कुंपण जिवंत नाही.'

२० एप्रिल
दुसरी नोटीस. दुसऱ्या टेबलाची. अहवालानुसार कुंपण जिवंत नसल्याने वाळल्या झुडपांपासून आगीचा धोका, मालकाने मुळासकट काढावीत, अन्यथा नगरपंचायत काढेल.
आईला हसू आवरेना. "कुंपन शेत खातंय म्हंत्यात. हितं हापिस कुंपन खाया लागलंय."
कवठे महांकाळच्या मामाला फोन केला. "तार मार की. दोन दिसाचं काम." काटेरी तारेवर आबांनी हात कसा ठेवायचा, हे विचारायचं राहिलं.

२१ एप्रिल
पुन्हा ऑफिस. तोच क्लार्क. मेंदी जिवंत आहे म्हटलं.
"तुम्हीच ठरवा मॅडम. जिवंत म्हणालात तर बंदी. नाही म्हणालात तर काढा."
चेष्टा करत नव्हता. खरंच अडकला होता तोही. म्हणाला पुरावा आणा. कसला, ते त्यालाही सांगता येईना. शेवटी आतून विचारून आला: साहेब गुरुवारी समक्ष बघतील. हिरवी दिसली तर फाईल बंद.
घरी सांगितलं. आबा मिलिटरीचे पेन्शनवाले. "माझा हयातीचा दाखला नोव्हेंबरात. मेंदीचा एप्रिलात का?" स्वतःच हसले. मग थोड्या वेळाने, "काढायची ठरली तर मला आधी सांग. भिताडाच्या कडंनं चालायची सवय करावी लागंल."

२२ एप्रिल
नळ दिवसाआड. भांड्यांचं, तांदळाचं, सगळं पाणी मेंदीला. काकू त्यांच्या गच्चीवरून: "हिरवा रंग मारून टाक गं. सायबाला काय कळतंय."
मी विचार केला. रंगाचं दुकान किती वाजता उघडतं, इथपर्यंत. लाज वाटते.

२३ एप्रिल
साहेब आले नाहीत. मीटिंग. आता सोमवारी.
दिवसभर साडी नेसून बसले होते.

२६ एप्रिल
रविवार. सकाळी आबांनी अंगणातून हाक मारली. मेंदीच्या मधल्या खुंटाला धरून उभे.
"कोंब हाय बघ."
बघितलं. चष्मा पुसून बघितलं. काळं लाकूड. "कुठंय आबा?"
"डोळं हायत न्हवं तुला?" असं म्हणून माझं बोट धरलं आणि नेऊन टेकवलं. राखेत 'अ' गिरवताना धरायचे तसंच. बोटाला काहीतरी लागलं. मोहरीएवढं, जरा टोचरं. कोंब असेल. नुसती गाठही असेल. मला सांगता येत नाही.
आबा मात्र खुशीत कट्ट्यावर गेले.
साहेब उद्या येणार. गाडीतून उतरतील का? उतरले तर, साहेब जरा बोट लावून बघा, असं म्हणायचं मला जमेल का? क्लार्कचा शब्द मला नीट आठवतोय. हिरवी दिसली तर, म्हणाला होता. दिसली तर.